बन्सीनानांचा इन्कम टॅक्सशी सौदा

बन्सीनानांनी ज्याच्याशी घासाघीस केली नाही असा माणूस घोडेगावात सापडायचा नाही. मलाही त्यांनी सोडलेलं नाही. बसस्टँडजवळ माझं दुकान आहे. पॅन कार्ड, रिटर्न, सातबारा, लाइटबिल आणि लोकांच्या मोबाईलमधलं नको ते पुसून देणं, अशी सगळी कामं मी करते. पाटीवर ‘मरिया ऑनलाइन सेवा’ असं लिहिलंय, पण गाव मला नुसतं ताई म्हणतं आणि उधारी मागताना मॅडम म्हणतं. नाना पहिल्यांदा आले ते आधार कार्डाची झेरॉक्स काढायला. दोन्ही बाजूंचे पाच रुपये सांगितले, तर कार्ड उलटसुलट करून म्हणाले, “ताई, ह्या बाजूला नुसता पत्ता हाय. पत्त्याचं काय तरी कमी करा.”

आणि मी केलं. श्रीरामपूरच्या बाजारपेठेत वाढलेली बाई मी, माझा बाप किराणा दुकानदार, तरी केलं. त्याचा राग मला अजून आहे.

नाना बैलबाजारातले दलाल. शुक्रवारी घोडेगावचा बाजार भरला की शेतकऱ्याचं जनावर, व्यापाऱ्याचा पैसा आणि दोघांच्या मधे नाना. भाव तोंडानं बोलायचा नाही, अशी जुन्या दलालांची रीत. उपरण्याखाली हात घालायचे, एकमेकांची बोटं धरायची, दाबायची, सोडायची. बाहेरच्याला फक्त दोघांच्या भुवया हलताना दिसतात. आताचे तरुण दलाल मोबाईलच्या कॅल्क्युलेटरवर आकडा टाइप करून समोरच्याच्या नाकापुढे धरतात. नानांना ते चारचौघांत कपडे बदलण्याइतकं बेशरमपणाचं वाटतं.

सौदा ठरला की हातावर हात, मग थोडा इसार, म्हणजे आगाऊ पैसे. त्यानंतर आभाळ कोसळलं तरी नाना शब्द फिरवत नाहीत. एकदा त्यांनी स्वतःसाठी म्हैस घेतली. हातावर हात पडला आणि पुढच्याच क्षणी म्हशीनं त्यांच्या मांडीवर लाथ घातली. लोक म्हणाले, सौदा मोडा. नाना मांडी चोळत म्हणाले, “आधी मारली असती तर भाव पाडला असता. आता माझी म्हैस हाय. मारू द्या.” ती म्हैस पुढं कित्येक वर्षं मारत राहिली. दूध काढायला फक्त बनुबाईंना जवळ येऊ द्यायची.

बनुबाई नानांच्या पत्नी. त्या फार बोलत नाहीत. नानांच्या घरात बोलायला जागाच उरत नाही, हे खरं कारण असावं. त्यांचं आयुष्यात एकच दुखणं, ते म्हणजे पिठाची गिरणी. गावातल्या गिरणीवाल्याचं आणि त्यांचं कधी जमलं नाही. हा बाबा कुणाच्या तरी हरभऱ्यावर यांची बाजरी दळायचा आणि भाकरी थापताना तुटली की बनुबाई दिवसभर पुटपुटत राहायच्या. स्वतःच्या ओसरीवर स्वतःची गिरणी असावी, चार बायकांचं दळण यावं, आपल्या हातानं पट्टा चढवावा, हे त्यांच्या मनात किती वर्षांपासून होतं कोण जाणे. त्यासाठी त्यांनी एक कालवड हातावर वाढवली. पेंड, चारा, डॉक्टर, सगळं स्वतः पाहिलं. दिवाळीनंतर ती गाभण कालवड चांगल्या भावात गेली. बनुबाईंच्या खात्याचं केवायसी रखडलेलं, म्हणून पैसे नानांच्या खात्यात जमा केले. सौदा नानांनीच करून दिला होता. दलाली घेतली नाही, पण घेतली नाही हे आठवड्यातून दोनदा ऐकवत होते.

तर त्या शुक्रवारी, भर बाजारात, नाना माझ्या दुकानात आले. उपरणं खांद्यावर, छाती पुढं, मागं पाच-सहा माणसं. त्यांत बाजारातला चहावाला वैजनाथ होता, दुकान कुणावर सोडून आला होता देव जाणे.

“ताई,” नाना खुर्चीत बसत म्हणाले, “आज इन्कम टॅक्स उतरवला.”

“म्हणजे?”

“म्हंजी एक लाख चाळीस मागत हुता. बावन्नवर आनला.”

मागच्या माणसांनी माना हलवल्या. वैजनाथ म्हणाला, “डोळ्यादेखत, ताई. स्पीकरवर. माझ्या टपरीवर पाय ठेवायला जागा न्हवती.”

मी हातातलं काम ठेवलं आणि सगळं पहिल्यापासून सांगायला लावलं. झालं असं होतं. नाना एका गोऱ्ह्याचे दात बघत असताना फोन आला. इन्कम टॅक्स ऑफिसमधून मोठा साहेब बोलतोय. हिंदीत. नानांचं पूर्ण नाव त्याला माहीत, पॅन नंबर माहीत. तुमच्या खात्यात मोठी रक्कम जमा झालीय, तुम्ही सरकारपासून लपवलीत, संध्याकाळपर्यंत दंड भरला नाही तर खातं सील होईल आणि पोलीस घरी येतील. व्हॉट्सअॅपवर कागदही आला, वर सिंह, खाली लाल शिक्का. नानांनी मला तो दाखवला तो मागच्या माणसांकडं पाठ करून, आवाज खाली आणून. म्हणजे माणूस घाबरला होता, हे मी लक्षात ठेवलं.

“मंग मी इचारलं, किती?” नाना म्हणाले. “त्यो म्हनला एक लाख चाळीस हजार. आता ताई, समोरच्यानं आकडा सांगितला की माझ्या तोंडून दुसरा आकडा निघतोच. मी म्हनलो, पंचवीस.”

“इन्कम टॅक्सला?”

“त्यो लई भडकला. म्हनला, ये क्या सब्जी मंडी है? मी म्हनलो, नहीं साहब, बैलबाजार है.”

वैजनाथ आणि मंडळी हसून हसून वाकली. मलाही हसू येत होतं, ते दाबलं. साहेब एक लाखावर आला, नाना तीसवर चढले. साहेबानं कायद्याची कलमं सांगितली, नानांनी दुष्काळ सांगितला. साहेब सत्तरवर आला. नाना “जमत न्हाई साहब, रामराम” म्हणून फोन ठेवायला निघाले, तर साहेबानंच “रुको, रुको” केलं. इथं म्हणे टपरीवर लोकांनी शिट्ट्या मारल्या. शेवटी बावन्न. नानांनी भर बाजारात शब्द दिला, आणि नानाच ते, इसार दिल्याशिवाय सौदा पक्का कसा होणार? वैजनाथच्या मोबाईलवरून एक हजार एक रुपये साहेबाला पाठवलेसुद्धा. मागितले नसताना!

मला वाटतं त्या चोराच्याही आयुष्यात हे पहिल्यांदाच घडलं असेल.

“राहिलेले तुमी पाठवा,” नानांनी पासबुक माझ्यापुढं टाकलं. “त्यो चौकोन पाठवलाय त्यानं, त्याच्यावर. आन पाठवायचे किती घेता? दरवेळचं सांगू नका, रक्कम मोठी हाय.”

माझा पारा चढला. एक तर त्यांचं रिटर्न मी भरते. दलालीचा पै-पैसा विचारून, डोकं फुटेस्तोवर त्यांच्याशी भांडून भरते. आणि कुणी टिनपाट माणूस फोनवर सांगतो की त्यात लपवाछपवी आहे आणि हे त्याच्याशी भाव ठरवून येतात!

“नाना, हा चोर आहे,” मी म्हटलं.

मी कॉम्प्युटर त्यांच्याकडे वळवला, इन्कम टॅक्स खात्याच्या वेबसाइटवर त्यांचं पान उघडलं. “हे बघा. खरी नोटीस असली तर ती इथं दिसते. इथं काही नाही. थकबाकी, काही नाही. खऱ्या नोटिशीवर एक नंबर असतो, तो इथं टाकला की नोटीस खरी का खोटी ते कळतं. तुमच्या त्या सिंहाच्या कागदावर नंबरच नाही. टॅक्स भरायचा तो याच वेबसाइटवरून, चलन काढून. आणि हा तुमचा चौकोन, हा स्कॅन केला की नाव काय येतंय? कुठलं तरी मोबाईल अॅक्सेसरीजचं दुकान. भारत सरकार मोबाईलची कव्हरं विकायला लागलंय का?”

“पन त्याला माझ्या खात्यातली रक्कम कशी म्हाईत?”

“रक्कम सांगितली त्यानं? आकडा सांगितला?”

नानांनी नकारार्थी मान हलवली.

“मोठी रक्कम, एवढंच म्हणाला ना? तसं तर कुडबुड्या जोशीही सांगतो, घरात काळजी आहे म्हणून. कुणाच्या घरात नसते? पॅन नंबर आपण गावभर वाटतो, मोबाईलच्या दुकानात, फायनान्सवाल्याकडे. आणि सगळ्यात मोठी गोष्ट, नाना, तुम्ही बाजारातली माणसं, तुमच्या कशी लक्षात आली नाही? एक लाख चाळीसचा बावन्नवर येणारा माणूस सरकारी असतो का? सरकारनं तुमच्या लाइटबिलाचे कधी दोन रुपये तरी कमी केलेत?”

वैजनाथ हळूच म्हणाला, “ह्ये मातर खरं हाय. रुको म्हनला तवाच मला शंका आल्ती.” त्याला काडीचीही शंका आली नव्हती.

मला वाटलं, संपलं. नाना उठतील, चोराला चार शिव्या देतील, मी पैसे गेल्याची तक्रार नोंदवीन. पण नाना उठले नाहीत. उपरण्यानं तोंड पुसलं आणि म्हणाले, “तुमी म्हनता ते खरं असंल, ताई. पन मी हां म्हनलोय.”

“चोराला!”

“कुनालाबी. सारा बाजार ऐकत हुता. इसार दिलाय. चाळीस वर्सांत बन्सीचा शब्द फिरला असं झालं न्हाई.”

मी हात टेकले. सांगून पाहिलं, ओरडून पाहिलं. चोराला दिलेला शब्द शब्द नसतो म्हटलं, तर ते म्हणाले, समोरचा कसा हाय ते बघून शब्द पाळायचा झाला तर बाजारात एकबी सौदा टिकायचा न्हाई. यावर माझा राग दुप्पट झाला. मग त्यांच्या चेहऱ्याकडं पाहताना मला कळलं की गोष्ट नुसती शब्दाची नाही. पैसे दिले, तर नाना म्हणजे इन्कम टॅक्सला निम्म्याखाली आणणारा माणूस. नाही दिले, तर नाना म्हणजे भर बाजारात चोराबरोबर भाव करत बसलेला मूर्ख, आणि शिट्ट्या वाजल्या त्या त्याच्यावर. बावन्न हजार त्यांना या दुसऱ्या गोष्टीपेक्षा स्वस्त वाटत होते. मला त्यांची दया आली. पण पैसे कुणाचे होते ते मला ठाऊक होतं, त्यामुळे दया जास्त वेळ टिकली नाही.

“मी पाठवणार नाही,” मी म्हटलं.

“मंग मी बँकेत जातो. अजून उघडी हाय.”

नाना पासबुक उचलायला लागले. ते मी हाताखाली दाबून धरलं आणि दुसऱ्या हातानं बनुबाईंना फोन लावला. सत्तरीला आलेला माणूस आणि मी, टेबलावर पासबुकाची ओढाओढ करत होतो. वैजनाथ कुणाच्या बाजूनं होता ते शेवटपर्यंत कळलं नाही.

बनुबाई गिरणीतच होत्या, म्हणजे दोन गल्ल्या पलीकडं. डोक्यावर दळणाचा डबा, पापण्यांवर पीठ, अशा त्या आल्या. डबा खाली ठेवला. मी थोडक्यात सगळं सांगितलं. नाना भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघत होते.

“म्हंजी कालवडीचं पैसं,” एवढंच त्या म्हणाल्या.

पदराच्या टोकानं त्यांनी पापण्यांवरचं पीठ पुसलं. मला वाटलं आता रडतील. तेवढ्यात नानांचा फोन वाजला. साहेब. मी स्पीकर लावला.

“बन्सीलालजी, पैसा नहीं आया. पुलिस की गाड़ी निकल रही है.”

पोलीस म्हटल्यावर नानांचा चेहरा पुन्हा पडला. “दे रहा हूं साहब, जबान दिया है,” असं म्हणून त्यांनी माझ्या हाताखालचं पासबुक ओढलंच. आणि तेव्हा बनुबाईंनी त्यांचं मनगट धरलं.

“अवो,” त्या म्हणाल्या, “एक इचारू का?”

“आता काय इचारती? फोनवर हाय ना मी.”

“बाजारात तुमी दुसऱ्याच्या जनावराचा सौदा करता. मालकाला इचारल्याबिगर कधी हात दिला का?”

“छ्या! मालकानं मान हलवल्याबिगर दलालानं हात दिला तर त्यो सौदाच न्हाई. त्याला बाजारातून हाकलून देत्यात.”

“न्हाई ना सौदा?”

“न्हाई म्हंजी न्हाई. कुनीबी सांगंल.”

“मंग कालवड माजी हुती,” बनुबाई म्हणाल्या. “पैसं माजं हायेत. मला कवा इचारलं तुमी?”

बाजारात जनावराचा सौदा करताना नाना शेतकऱ्याच्या कानाशी दहादा लागायचे, पण घरातल्या बाईला विचारावं हे त्यांच्या डोक्यात आलंच नव्हतं. त्या सौद्यात नाही, आणि माझ्या माहितीप्रमाणे त्याआधीही कधी नाही. बनुबाईंनी मनगट सोडलं नव्हतं. आवाजही चढवला नव्हता. पण मला एकदम जाणवलं की हा प्रश्न आजचा नाही, फार जुना आहे.

“हॅलो? हॅलो?” साहेब ओरडत होता.

नानांनी मनातल्या मनात काहीतरी तपासून पाहिलं. बाजाराचा कायदा पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहिला असावा. मग त्यांचा चेहरा हळूहळू मोकळा झाला. फोन तोंडाजवळ घेऊन ते खणखणीत आवाजात म्हणाले,

“साहब, सौदा नहीं हुआ. मैं तो दलाल है. मालकीन को नहीं पूछा था. मालकीन नहीं बोलती.”

“क्या? कौन मालकिन? आपको जेल जाना पड़ेगा!”

“मालकीन नहीं बोली तो नहीं,” नाना म्हणाले. “आन इसार दिया वो रखो. गलती मेरा है.”

“इसार कसला ठेवू देता!” मी किंचाळले आणि फोन हिसकावून बंद केला. ताबडतोब १९३० नंबर लावला, सायबर तक्रारीचा. वैजनाथच्या मोबाईलवरून पैसे गेले होते म्हणून त्यालाच बोलायला बसवलं. तक्रार नोंदली गेली, नंबर मिळाला. वैजनाथला तिकडून विचारलं, रक्कम कशासाठी पाठवली होती, आणि तो सांगून बसला, “इसार म्हणून.” पलीकडच्या मुलीनं तो शब्द तीनदा विचारून लिहून घेतला.

हजार रुपये अजून आलेले नाहीत. येतील न येतील. पण लवकर कळवलं की पैसे मधेच अडवता येतात, हे गावात सगळ्यांना त्या दिवशी समजलं. मी दुकानाबाहेर कागद लावलाय: फोनवर टॅक्स मागणारा चोर. भाव कमी करणारा तर नक्कीच चोर. दुसरं वाक्य वाचून लोक आत येतात आणि नानांची गोष्ट पुन्हा ऐकून जातात. काम मात्र कुणी आणत नाही.

बाजारात नानांची चेष्टा झाली, व्हायचीच होती. पुढचे दोन-तीन बाजार कुणी ना कुणी लांबून “नाना, साहेबाचा फोन!” असं ओरडायचं. नाना चिडायचे नाहीत. म्हणायचे, “शब्द न्हाई फिरवला बरं का. सौदाच न्हवता.” हे ते इतक्या गंभीरपणे सांगायचे की काही दिवसांनी ओरडणाऱ्यांचाच उत्साह गेला.

पुढं एका शनिवारी मी माहेरी श्रीरामपूरला निघाले होते. तर एसटीत नाना आणि बनुबाई दोघंही. गिरणी घ्यायला चालले होते. मीही त्यांच्याबरोबर दुकानात गेले. खोटं कशाला सांगू, मला तो दुकानदार घाम पुसताना बघायचा होता. आणि नानांनी मला निराश केलं नाही. मोटार बघितली, पट्टा ओढून बघितला, जातं हातानं फिरवून बघितलं, दात बघायची सवय असल्यामुळे वाकून आतही बघितलं. मग भाव. दुकानदार छापील किंमत दाखवत होता, नाना ती नसल्यासारखी तिच्या पलीकडं बघत होते. दोनदा उठून दारापर्यंत जाऊन आले. शेवटी दुकानदारानं कपाळावर हात मारला, एक आकडा सांगितला, “काका, याच्या खाली माझं घर चालायचं नाही” म्हणाला, आणि हात पुढं केला.

आकडा चांगला होता. मीही तेवढ्यावर घेतली असती. नानांचा हात सवयीनं निम्म्यापर्यंत गेला, आणि तिथंच थांबला. त्यांनी तो मागं घेतला. वळून बनुबाईंकडं पाहिलं, आणि भाव करताना ज्यांना कधी अडखळलेलं मी ऐकलं नव्हतं, ते नाना थोडेसे अडखळून म्हणाले, “काय गं... द्यायचा का हात?”

बनुबाईंनी गिरणीकडं एकदा नीट पाहिलं. दुकानदाराकडं पाहिलं. पदर सारखा केला.

“अजून पाचशे कमी करायला सांगा,” त्या म्हणाल्या.